आल्बोर्नेदाची खरवडलेली पट्टी

दक्षिण स्पेनमध्ये एका डोंगरकड्यावर आल्बोर्नेदा नावाचं गाव आहे. सगळी घरं चुन्यानं पांढरीशुभ्र. फक्त प्रत्येक दाराशेजारी, लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, चुना खरवडून काढलेली मातीची तपकिरी पट्टी दिसते. पाहुणे विचारतात, चुना कमी पडला का? म्हातारे एउसेबिओ त्यांना आधी सावलीत बसवतात. "तुम्ही लांबून ऊन खायला येता," ते म्हणतात, "आम्ही त्याला भिऊन असतो." मग ते कासिल्दाची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, असे सांगतात, खालच्या शहरात महामारी आली. चुन्यापुढे रोग टिकत नाही, अशी गावाची समजूत. म्हणून त्या साली नुसत्या भिंतींवर भागलं नाही. गल्लीतले दगड, झाडांचे बुंधे, विहिरीचा काठ, कड्यावरचा कठडासुद्धा पांढरा झाला. हे काम कासिल्दाचं. ती विधवा, तिकडच्या रिवाजाप्रमाणे कायम काळ्या कपड्यात. पण चुना लावता लावता तिचे ते कपडेही नखशिखांत पांढरे होऊन गेले. तिला जगात एकच माणूस उरलं होतं, लेक कांदेला.

भर दुपारी तिकडे खिडक्या लावून सगळं गाव झोपतं. दमलेल्या कासिल्दाचाही डोळा लागला आणि कांदेला तेवढ्यात बाहेर सटकली.

कासिल्दा जागी झाली ती लेकीच्या हाकेनं. "आई, आपलं घर कुठंय? मला काही दिसत नाही."

तिनं दार उघडलं. समोर गल्ली नव्हतीच. भिंती, जमीन, आभाळ, सगळं एकच पांढरं. उन्हाला टेकायला कुठे काळा ठिपकाही उरला नव्हता म्हणे. हाक कड्याच्या बाजूनं येत होती. तिथला कठडा जेमतेम गुडघ्याएवढा, आणि तो तिनंच आपल्या हातानं पांढरा केलेला.

"हलू नकोस गं, उभी राहा तिथंच."

पण भ्यालेलं पोर कसलं थांबतंय? आईचा आवाज गल्लीत चहूकडून घुमत होता. पुढची हाक आणखी लांबून आली. आपण धावलो तर आपणही वाट चुकणार, हे कासिल्दाला कळत होतं. तिनं डोळ्यांची राखण करणाऱ्या संत लुसियाचा धावा केला. लेक परत दे, ही भिंत मी पुन्हा पुरती पांढरी करणार नाही. आणि ती दोन्ही हातांच्या नखांनी दाराशेजारची भिंत खरवडू लागली. नखं तुटली. आतली माती रक्तानं भिजून काळी दिसायला लागली.

"कांदेला, काळं दिसेल तिकडे ये."

कासिल्दा खरवडतच राहिली. मग तिच्या रक्ताळलेल्या हाताला लहान बोटं लागली. पोरीच्या एका पायात चप्पल नव्हती. ती चप्पल पुढं खाली दरीत सापडली, असे सांगतात.

उन्हाच्या त्या लखलखाटानं कांदेलाला त्यानंतर काहीच दिसलं नाही. डोळ्यांनी पाहिलेली शेवटची गोष्ट म्हणजे ती पट्टी. पुढे तिला हातानं दार सापडावं म्हणून गावानं प्रत्येक दाराशी तशी पट्टी केली आणि कांदेला त्या पट्ट्या चाचपत चाचपत म्हातारी झाली.

आजही उन्हाळ्याआधी चुना वाळला, की घरातली आई ती पट्टी खरवडते. सुरी कुणी हातात घेत नाही, नखांनीच खरवडतात. आणि तेवढं झाल्याशिवाय मुलाला उंबरा ओलांडू देत नाहीत.