ठकूबाईनं निजवलेलं पाणी

फार फार वर्षांमागची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ते न सांगताच गेले. माळावर पिंपरखडक नावाचं गाव होतं, उघडंबोडकं. पाऊस तिथं यायचा तोही घाईतल्या पाहुण्यासारखा, उंबऱ्यावरूनच परतायचा. त्या गावात ठकूबाई नावाची कुंभारीण राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, चाक बंद पडलेलं. तिला घर तेवढं होतं, आणि घराशिवाय काही नव्हतं. हिच्या नावातच ठक, असं म्हणून गाव हसायचं. पुढं पुढं ते हसणं बंद झालं आणि नुसतं म्हणणं उरलं.

त्याचं कारण असं. पिंपरखडकात चाल होती, की रात्रभर घरात राहिलेलं पाणी शिळं. सकाळ झाली की बायका हंडे-कळशा अंगणात उपड्या करायच्या आणि विहिरीवर ताजं पाणी भरायला जायच्या. शिळी भाकरी दह्याशी गोड लागायची, पण शिळं पाणी घरात चालायचं नाही. ठकूबाई नेमकी त्याच वेळी काखेत घागर घेऊन दारोदार फिरायची. ओतू नका, मला द्या, म्हणायची.

आता मला सांगा, सकाळच्या पारी कुणी दारात येऊन आपल्या घरातलं टाकून द्यायचं पाणी मागून न्यायला लागलं, तर शंका येणार नाही? बायका पाणी द्यायच्या, कारण नाही म्हणायचीही भीती वाटायची. शेजारच्या धुरपदानं एकदा धीर करून विचारलं, की एवढ्या पाण्याचं करतेस तरी काय? ठकूबाई मुळात कमी बोलायची, आणि बोलली तर तिरकं.

"निजवते," ती म्हणाली.

झालं. त्या एका शब्दानं घात केला. पाणी काय तान्हं मूल आहे निजवायला? धुरपदा कुडाच्या फटीतून पाळत ठेवू लागली. तिला दिसलं ते असं: भाजी धुतलेलं पाणी ठकूबाई भांड्यांना घ्यायची, भांड्यांचं सारवणाला, अंघोळीचं भोपळ्याच्या वेलाला. हे एक वेळ कंजूषपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण गावाकडून मागून आणलेलं सगळं पाणी ती घरातल्या मोरीत ओतायची, आणि ओतताना तिचे ओठ हलायचे. मोरीत ओतलेलं पाणी भिंतीबाहेर यायला हवं ना? तिच्या मोरीतून बाहेर कधी थेंब आला नाही, असं म्हणतात.

मग पाऊस यायचाच थांबला. एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं. विहिरीत पोहरा सोडला की चिखल वर यायचा. धुरपदाचा नातू पाण्यासाठी रडून रडून गप्प झाला, आणि त्या गप्प होण्यानं तिच्या काळजाचं पाणी झालं. इकडं ठकूबाईच्या भोपळ्याला मात्र फुलं. नातवाला कडेवर घेऊन धुरपदा पारावर गेली आणि हैबती पाटलापुढं उभी राहिली.

"हिनं आमचं पाणी निजवलं," ती म्हणाली, "आन् त्याच्यासंगट आमची हीर बी निजवली."

लोकांना ते पटलं. तहानलेल्या माणसाला काहीही पटतं. पाटलानं निकाल दिला, की ठकूबाईनं विहीर उठवावी, नाहीतर घर सोडून शिवेबाहेर व्हावं. ठकूबाई रडली नाही. तिनं सांगितलं, की मी निजवलं ते माझ्या मोरीखाली आहे, खणा. मोरी मोडाल तर परत बांधून द्याल, एवढा शब्द द्या. पाटलानं शब्द दिला. शब्दाला काय लागतं?

लोक पहारी घेऊन घरात शिरले. पाणी शोधायला नव्हे हं, करणी शोधायला. मोरीचा दगड उचलला तर खाली खापरांचा थर. बघा, खापरं, असं एकमेकांना सांगत सगळे मागं सरकले. कुंभारणीच्या घरात खापरं नाहीतर काय मोती निघणार? पण ते कुणाला सुचलं नाही. खापरांखाली कोळसा निघाला, तर तो चितेचाच ठरला. त्याखाली वाळू, मग गोटे. जितकं खोल जावं तितका संशय दाट. आणि मग पहारीचं टोक ओलं आलं.

हळूहळू पाणी वर चढलं. नितळ, गार. गाव भोवती उभं होतं, घसे कोरडे, आणि एकानं हात लावला नाही. पाटील म्हणाला, थांबा, आधी कुत्र्याला पाजून बघू. तेव्हा ठकूबाईनं तांब्या बुडवला आणि धुरपदापुढं धरला.

"पी," ती म्हणाली. "तुजंच हाय. शिळं हाय निस्तं."

धुरपदानं तिच्याकडं पाहिलं, नातवाकडं पाहिलं. आधी स्वतः प्यायली. क्षणभर वाट बघितली, मग पोराच्या ओठाला तांब्या लावला.

पुढं पाऊस येईपर्यंत अख्खं गाव त्या पाण्यावर जगलं. कितीही उपसलं तरी सकाळी तेवढंच भरलेलं असायचं, असं म्हणतात. पण मोरी काही कुणी बांधून दिली नाही. तिचा आड झाला, आणि घरात दिवसभर ये-जा. माफीही कुणी मागितली नाही. गाव कधी माफी मागतं का? एके सकाळी बायका आल्या तर वाकळ घडी घातलेली, आणि ओली पावलं आडाकडं गेलेली, परत न आलेली. ती पाण्यापाशीच निजली, असं म्हणतात. मला विचाराल तर ती रागानं माहेरी गेली असणार. मी तरी गेले असते.

पिंपरखडकात आजही पाण्याला कुणी शिळं म्हणत नाही, कालचं म्हणतात. घरोघरी मोरीखाली खापरांचा खड्डा आहे, आणि त्यात पाणी ओतताना बायका हळूच 'नीज' म्हणतात. सकाळी कुणाचं अंगण भिजलेलं दिसलं, तर सगळी आळी त्या घराकडं संशयानं बघते.

आणि मृगाच्या आधी गाव त्या आडाशी जमतं. पहिली घागर धुरपदाच्या घरच्या सुनेची. आदल्या दिवशीचं पाणी ती आडात सोडते, वाकून खाली बघते आणि म्हणते, "तुजंच हाय, बाई. शिळं हाय निस्तं."

मग सगळे गप्प उभे राहतात. खालून काही उत्तर येतं का, ते ऐकत.