झिरपाईच्या डोंगरावरची आंबट माती

बाटलीतलं पाणी ओता इथं. ओता हो, कोणी काही म्हणत नाही. बघितलंत? चप्पल ओली व्हायच्या आत पाणी गायब! झिरपाईचा डोंगर म्हणतात तो हाच. श्रावणात धो धो पडू दे, इथं डबकं म्हणून दिसायचं नाही. वरची ही कुजक्या पाल्याची काळी, भुसभुशीत माती. हातभर खणलं की भुरकट लागते आणि त्याखाली तांबडी. बघून वाटतं, काय पेराल ते उगवेल. पण झाडं तोडून नाचणी पेरली तर पहिल्या साली बरी, दुसऱ्या साली बेताची, मग पिवळी पडून जागच्या जागी बसते. माती आंबट आहे. चिमूटभर जिभेवर ठेवा, दात आंबतील. चाखून बघा, पण पिशवीत भरू नका. माझं लक्ष आहे.

वरचं पाणी डोंगराच्या पोटातून झिरपतं आणि पायथ्याला, खालच्या वाडीत, झरा होऊन निघतं. मातीतला कसही त्याच्याबरोबर जातो. आज हे आपण सरळ बोलतो, पण पूर्वीची वरच्या वाडीची माणसं म्हणे भारी संशयी. त्यांना वाटायचं, खालच्यांनी काहीतरी नवस बोलून डोंगराच्या देवीला, झिरपाईला, फितवलंय आणि आपलं सत्त्व चोरून नेतायत. म्हणून चुलीची राखसुद्धा उंबऱ्याबाहेर टाकायची नाही, असा वाडीचा दंडक. राख म्हणजे घराचा जीव. ती खालच्यांच्या हाती लागली तर करणी झालीच समजा. घरोघरी परसात खड्डा, खड्ड्यात राख आणि वर शिळा.

या वाडीत ठकूबाई नावाची बाई राहायची. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा भोरू. बाई कष्टाची, पण संशयाची पुतळी. कुत्रं भुंकलं तर का भुंकलं आणि गप्प बसलं तर का गप्प, असा तिचा जीव. त्याला कारणही होतं. ठकूबाई परकरी पोर असताना तिच्या आईवर करणीचा आळ आला होता आणि आईला वाडीबाहेर काढलं होतं. 'चेटकिणीची लेक' हे ऐकत ती वाढली. मग दुसऱ्यानं बोट दाखवायच्या आत आपणच कोणाकडे तरी बोट दाखवायचं, ही तिची खोड झाली.

आणि अशा घरात भोरूनं सून आणली ती खालच्या वाडीची! हौसा तिचं नाव. ठकूबाईनं पोराच्या हट्टापुढे मान तुकवली, पण डोळे काही मिटले नाहीत. सून पाणी कुठल्या हातानं ओतते, शिंकते कधी, पुटपुटते काय, सगळ्यावर नजर. पोर कामाला वाघ, बोलायला गोड. ठकूबाईला तेच खुपायचं. इतकं गोड कोणी उगाच असतं होय?

एक दिवस तिनं खड्ड्यावरची शिळा सरकवली. राख तळाला गेली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना हौसा पाटी पदराखाली झाकून निघाली, तशी ठकूबाई कारवीच्या झुडपांआडून मागोमाग. हौसा आपल्याच शेताच्या कोपऱ्यात थांबली. राख भुरभुरली, हातानं मातीत कालवली आणि पुन्हा भुरभुरली. ठकूबाईनं तिथंच बोंब ठोकली. "धावा रे धावा! घर बुडवलं माझं! राख पेरतेय भवानी!"

वाडी गोळा झाली. हौसाला झिरपाईच्या दगडापुढे उभं केलं. ती म्हणाली, "आत्याबाई, माझ्या माहेरी आई दर साली शेतात राख टाकते. जमिनीला बरं असतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही टाकू दिली असती का?" झालं! म्हणजे खालचे ही करणी करतात हे तिनं तोंडानंच कबूल केलं, असा सगळ्यांनी अर्थ काढला. भोरू काही बोलायला पुढं झाला, तर चार जणांनी त्याला मागं ओढलं.

मग देवीची परीक्षा. ती अशी असायची, की जिथं करणी झाली तिथली चिमूटभर माती आळ आलेल्याच्या जिभेवर ठेवायची. तोंड वाकडं झालं की गुन्हा शाबीत. या परीक्षेतून आजवर कोणी सुटल्याचं ऐकिवात नव्हतं. ठकूबाईच्या आईचंही तोंड असंच वाकडं झालं होतं. ते तोंड ठकूबाईला आठवत होतं. त्या दिवसापासून तिनं आईचं नाव टाकलं होतं.

तिनंच कोपऱ्यातली चिमूट आणली आणि सुनेच्या जिभेवर ठेवली. हौसानं ती गिळली. तोंड जसंच्या तसं. कपाळावर आठीसुद्धा नाही.

आता सुटायला हवी होती ना? पण संशय असा सुटतो होय! म्हातारे म्हणाले, हिनं तर देवीलाच बांधलं. जी परीक्षेत हरते ती चेटकीण, आणि जिंकते ती थोरली चेटकीण. हौसाला नेसत्या लुगड्यानिशी उतरणीला लावलं. भोरू दिवसभर दगडापाशी डोकं धरून बसला आणि आईशी बोलायचा बंद झाला.

घर गप्प झालं, तशी ठकूबाईला एकच गोष्ट कुरतडू लागली. तोंड का नाही वाकडं झालं? बांधली म्हणजे कशी बांधली? संशयी बाई, तिला राहवेना. भर दुपारी ती एकटीच शेतात गेली, कोपऱ्यातली चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. मातीची चव मातीसारखी. चार पावलं बाजूला, राख न पडलेल्या जागी सरली, तिथली चिमूट घेतली आणि दात सळसळले. डोळे मिटले गेले, तोंड कानापर्यंत वाकडं झालं.

म्हणे तिचा हंबरडा खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेला. "आई गं! माती आंबट होती गं! तू नव्हतीस!"

तीच माती ओंजळीत घेऊन ती थेट झिरपाईपुढे गेली. साऱ्या वाडीला हाका मारून बोलावलं. म्हणाली, "घ्या, माझ्यावर आळ घ्या." कोणी पुढं येईना, तेव्हा शेतातली माती तिनं स्वतःच तोंडात घातली आणि वाकडं झालेलं तोंड सगळ्यांना दाखवलं. मग ओंजळ पुढं करून एकेका म्हाताऱ्यापुढे गेली. "तुम्ही खा. आता तुम्ही. सगळे साव ना? मग खा!" एकेकानं चिमूट घेतली आणि एकेकाचं तोंड वाकडं झालं. देवीपुढे एक सरळ तोंड राहिलं नाही. मग कुठूनशी एक बाई रडायला लागली. तिचीही बहीण अशीच गेली होती.

ठकूबाई अनवाणी खालच्या वाडीत उतरली. हौसापुढे हात जोडून म्हणाली, "पोरी, घरी चल."

हौसा म्हणाली, "आत्याबाई, येईन. पण उद्या माती पुन्हा आंबट होईल. तेव्हा?"

एवढं विचारून हौसानं आईच्या चुलीतल्या राखेची पाटी उचलली आणि चढणीला पुढं झाली, असं सांगतात. त्या साली घरोघरच्या शिळा निघाल्या आणि खड्ड्यांतली राख शेतात गेली. परीक्षा तर तेव्हाच मोडली, ती कायमची.

आजही वरच्या वाडीत नवी सून आली की सासू स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर राखेची पाटी देते. वाजतगाजत दोघी शेतात जातात. सून राख पसरते. मग बाजूची, राख न पडलेली चिमूट सासू आपल्या जिभेवर ठेवते, सुनेकडे बघते आणि तोंड जरासुद्धा वाकडं न करता म्हणते, "गोड आहे."

आंबटच असते हो! डोंगराची माती ती. चार सरींत राख धुपून खाली जाते आणि दर साली नव्यानं टाकावी लागते. माझ्या आईनं माझ्या बायकोपुढे चिमूट खाल्ली, तेव्हा आईच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी बघितलंय. पण म्हणाली गोड आहे.