रंगाऱ्याच्या जागी उभा राहिलेला

फार फार वर्षांपूर्वी, कुणाच्या पणजोबांनीही पाहिलं नसेल अशा एका राज्यात, नदीकाठच्या गावी एक रंगारी राहत होता. कापडाला निळा रंग द्यावा तर त्यानेच! राजवाड्यातून गठ्ठेच्या गठ्ठे यायचे आणि रंगाऱ्याला म्हणे मान वर करायला फुरसत नसायची. कौतुक ऐकायला मात्र भरपूर असायची.

पहाटेची नमाज झोपेत जायची, दुपारची गिऱ्हाइकांत. असरच्या वेळी, दिवस कलला की, नेमकी निळीच्या रांजणापाशी राबायची वेळ. अजान कानावर आली की तो कापड बुडवता बुडवता पुटपुटायचा, "माझ्या जागी दुसरं कुणी उभं राहिलं असतं, तर किती बरं झालं असतं."

एके दिवशी दारातून उत्तर आलं, "मी राहतो ना."

दारात एक माणूस उभा होता. ऊन त्याच्या पाठीशी होतं, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता.

"तुम्ही खुशाल काम करा," तो म्हणाला. "पाचही वेळा मी रांगेत उभा राहीन."

"आणि मोबदला काय घेणार?"

"काही नको. तुमची जागा तेवढी द्या."

फुकटात सुटका होतेय म्हणताना रंगारी खूश झाला. "घे बाबा," तो म्हणाला.

तेव्हापासून गावात त्याची वाहवा होऊ लागली. रंगारी किती नेमाने मशिदीत येतो! रंगारी मिशीतल्या मिशीत हसायचा. पण हळूहळू रस्त्यात केलेल्या सलामाला उत्तर येईना. गिऱ्हाइकं त्याच्यासमोर उभी राहून विचारू लागली, "रंगारी कुठे गेला?" रांजणात वाकून पाहिलं, तर निळ्या पाण्यात वरचं छप्पर दिसलं. तोंड काही दिसलं नाही.

घाबरून तो भरदुपारी घरी पळाला. जेवणाचं दस्तरखान मांडलेलं होतं. त्याच्या जागेवर तो दारातला परका बसला होता, रंगाऱ्याचाच चेहरा घेऊन, आणि रंगाऱ्याची धाकटी लेक त्याच्या हातून घास खात होती.

"अगं, मी इकडे आहे!" रंगारी दारातून ओरडला.

बायकोने दाराकडे पाहिलं आणि अंगावर पदर ओढून घेतला. "अहो, दार लावता का? कसलं गार वारं येतंय."

परका उठला आणि त्याने दार लावून घेतलं.

दिवस कलेपर्यंत दार ठोठावून रंगारी रडत रडत मशिदीकडे धावला. असरच्या नमाजेला जमात रांगेत उभी राहिली होती, खांद्याला खांदा लावून. परका आधीच तिथे पोचला होता. रांगेत बोटभर फट नव्हती.

"माझी जागा परत दे!"

"तुम्हीच दिलीत," परका मागे न वळता म्हणाला. बाकी कुणाला काही ऐकूच गेलं नाही.

आता गाऱ्हाणं ऐकणारा एकच उरला होता. रंगाऱ्याने हौदावर हात-तोंड, पाय धुऊन वजू केली. पाणी हातांवरून ओघळलं, पण हात ओले झाल्याचं त्याला जाणवलं नाही. तो सगळ्यांच्या मागे, चपलांजवळच्या उघड्या फरशीवर एकटा उभा राहिला. हात उचलून म्हणाला, "अल्लाहु अकबर," आणि कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. सजद्यात कपाळ टेकलं, तेव्हा दगडाचा गारवा लागला. त्याला हुंदका फुटला.

तो सजद्यातून उठला, तर पुढच्या रांगेत, परका उभा होता तिथे, एका माणसापुरती जागा रिकामी होती. जमातीत अशी जागा मागच्याने भरायची असते. तो पुढे सरकला. दोन्ही बाजूंनी उबदार खांदे लागले.

परका पुन्हा कुणाला दिसला नाही. धाकटी लेक मात्र पुढे बरेच दिवस, बापाच्या मांडीवर बसण्याआधी, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची.

तात्पर्य: आपली नमाज आपणच पढायची असते, ती जागा जो दुसऱ्याला देतो, तो स्वतःलाच देऊन टाकतो.