सतरा तारखेचा चौकोन

"मग सतरा तारखेला मी काय करायचं, अक्का?"

अक्कांनी मान वर केली नाही. सुपातल्या तांदळातला एक खडा त्यांनी चिमटीत धरला, उजेडात बघितला आणि बाजूला टाकला.

"सतराला काय हाय?"

"काहीच नाही. तेच तर विचारतेय."

विचारणारी इंदुमती चौगुले. हायस्कूलची निवृत्त मुख्याध्यापिका. एकदा एखादी गोष्ट ठरवली की ती पार पाडायची, मग समोर शिक्षणाधिकारी उभा राहो की पूर येवो, असा तिचा लौकिक. हिरण्यकेशीच्या काठच्या ह्या मठात ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. आली तीसुद्धा ताठ मानेनं, काखेत कॅलेंडरची गुंडाळी घेऊन.

अक्का मठात चाळीस वर्षं होत्या. प्रवचन करत नसत, कुणाला मंत्र देत नसत. लोक येत, ओसरीवर बसत, आपलं बोलत. अक्का हातातलं काम करत ऐकत. गुरू म्हटलेलं त्यांना खपत नसे.

"नीट सांग," अक्का म्हणाल्या.

इंदुमतीनं नीट सांगितलं. शाळेत धडा शिकवावा तसं.

तिचे यजमान दिनकरराव पोस्टात होते. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर घरामागच्या परसात त्यांनी बाग केली. त्यांना एक सवय होती. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात, तारखेच्या चौकोनात, बारीक अक्षरात एखादी ओळ लिहायची. 'गुलाबाला कळी.' 'नळ गळतोय, वायसर बदलला.' 'नलू आली. चहा दोनदा.' 'इंदू रागावली. कारण कळलं नाही.'

गेल्या वर्षी सतरा जुलैला पहाटे दिनकरराव झोपेतच गेले.

इंदुमती रडली नाही. दिवसकार्य केलं, कागदपत्रं केली, भेटायला येणाऱ्यांना चहा केला. सगळं वेळच्या वेळी. एक जानेवारीला जुनं कॅलेंडर काढायला म्हणून ती भिंतीपाशी गेली आणि सहज मागची पानं उलटून बघितली. गेल्या वर्षीच्या पहिल्या चौकोनात लिहिलं होतं, 'परसात दोन वाफे केले. पाठ धरली. मजा आली.'

ती तशीच मागच्या दारानं परसात गेली. कुदळ घेतली आणि दोन वाफे केले. पाठ धरली.

त्या दिवशी तिनं ठरवलं. हे वर्ष असंच जगायचं. त्या तारखेला त्यांनी जे केलं, ते आपण करायचं. रोज सकाळी फक्त त्या दिवसाचा चौकोन वाचायचा, पुढचा बघायचा नाही. नवं कॅलेंडर तिनं आणलंच नाही.

"आणि केलंस?"

"एकही दिवस चुकले नाही."

आवाजात अभिमान होता. अक्कांनी तो ऐकला. सूप हलवून तांदूळ सारखे केले.

"बाग कशी हाय?"

इंदुमती सुपाकडे बघायला लागली.

बाग वाईट होती. गेल्या वर्षी पाऊस वेळेवर आला होता. जूनच्या सगळ्या चौकोनांत दिनकररावांनी लिहिलं होतं, 'पाऊस. पाणी घातलं नाही.' यंदा आभाळ महिनाभर कोरडं राहिलं, तरी इंदुमतीनं पाणी घातलं नाही. टाकी भरलेली होती. वाफ्यातली रोपं तिच्या डोळ्यांदेखत माना टाकत होती आणि ती दारात हाताची घडी घालून उभी होती. भेंडी गेली, गवार गेली, दोडक्याची आळी सुकली.

'बाजार केला' असं लिहिलेल्या तारखेला ती पिशवी घेऊन बाजारात जायची. पण गेल्या वर्षीचा बाजाराचा रविवार ह्या वर्षी सोमवारी यायचा. रिकाम्या कट्ट्यांवर शेळ्या बसलेल्या असायच्या. ती तिथं उभी राहायची, तासभर थांबायची आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायची.

हे तिनं अक्कांना सांगितलं. एक मात्र सांगायचं नाही असं ठरवून आली होती. पण अक्का थांबून राहिल्या, आणि तेही निघालं.

नलिनी कुराडे. नलू. पलीकडच्या गल्लीत राहायची. एकाच शाळेत बत्तीस वर्षं, एकाच बाकावर बसून डबा. मार्चमध्ये एका दुपारी नलू वाटीभर कटाची आमटी घेऊन आली. इंदुमतीनं फाटक उघडलं नाही.

"आज तू येत नाहीस," ती म्हणाली. "कॅलेंडरात तुझं नाव आलेलं नाही. येईल त्या दिवशी ये."

नलूला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"मी माणूस आहे गं, इंदू. चौकोनात बसत नाही मी."

आमटीची वाटी तिनं फाटकाच्या खांबावर ठेवली आणि गेली. दोनच दिवसांनी चौकोनात 'नलू आली' असं होतं. इंदुमतीनं आधण ठेवलं. चहा उकळून उकळून काळा झाला. नलू आली नाही. त्यानंतरही आली नाही.

अक्कांचे हात थांबले होते.

"आज काय तारीख?"

"अकरा."

"आजच्याला काय लिवलंय?"

"कढीपत्त्याला ताक घातलं."

"घातलंस?"

"घालूनच निघाले."

अक्कांनी हात पुढं केला. इंदुमतीनं गुंडाळी त्यांच्या हातात दिली. अक्कांनी ती उलगडली नाही. नुसती हातात धरली, आणि विचारलं,

"हे ते कवा लिवायचे? सकाळी का रात्री?"

"रात्री. जेवण झाल्यावर."

"सगळं करून झाल्यावर."

"हो."

"मग सकाळी त्येस्नी कसं कळायचं गं, आज काय करायचं ते?"

इंदुमतीनं गुंडाळीकडे बघितलं.

ओसरीवरून एक कोंबडी चालत गेली. अक्कांनी तिला हाकललं नाही.

इंदुमतीचा चेहरा तापला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत तिला कुणी असं फळ्यापुढं उभं केलं नव्हतं.

"मी उत्तर विचारायला आलेय अक्का. तुम्ही मलाच प्रश्न घालताय. सोळा तारखेला चौकोन संपतात. पुढं सगळं कोरं आहे. मला फक्त एवढं सांगा, हे सोडून देऊ का? आजपासूनच?"

"सोडू नकोस."

हे तिला अपेक्षित नव्हतं.

"सोळापातूर कर. बारकाईनं कर. एक अक्षर सोडू नकोस." अक्कांनी गुंडाळी परत दिली. "जा आता. पाऊस येईल."

इंदुमती घरी आली ती रागातच. पण सांगितलेलं काम अर्धं टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. बारा, तेरा, चौदा, पंधरा. त्यांनी कुंडी हलवली तर तिनं हलवली. त्यांनी दुपारी झोप काढली तर ती डोळे उघडे ठेवून आडवी झाली.

सोळा तारखेची सकाळ उजाडली. अंघोळ करून, केस बांधून ती भिंतीपाशी गेली.

चौकोनात लिहिलं होतं, 'दोडका चढवायचा राहिला. सुतळी नलूकडे. उद्या बघू.'

तिनं ते तीनदा वाचलं.

सहा महिने ती करत आली होती ते सगळं झालेलं होतं. केलं, घातलं, आणलं, लावलं. हे एकच असं, जे करायचं राहिलं होतं. राहिलेलं काम कसं करायचं? ते न करूनच करायचं. अक्का म्हणाल्या होत्या, एक अक्षर सोडू नकोस.

ती परसात गेली.

टाकीच्या मागं, जिथं तिचं लक्षही जात नव्हतं, तिथं दोडक्याचा एक वेल होता. जूनमध्ये सगळी आळी सुकली होती. पण एक बी कुठंतरी दबून राहिलं असावं, उशिराच्या पावसानं ते उगवलं. वेल हातभर वाढला होता आणि चिखलात सरपटत होता. त्याचे तंतू मिळेल ते धरत होते. एक फुटकी वीट. एक वाळलेली काटकी. आणि एका तंतूनं तर स्वतःच्याच देठाला वेटोळं घातलं होतं.

चढवायचा नव्हता. आज तो राहायचा होता.

इंदुमती टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि दिवसभर त्या वेलाकडे बघत राहिली. दुपारी एक सर येऊन गेली, तरी ती उठली नाही. तिला आठवलं, सोळा जुलैला संध्याकाळी हे हात धुऊन आत आले होते, "उद्या" म्हणाले होते, आणि आपण कसलं तरी पुस्तक वाचत होतो, वर बघितलंसुद्धा नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं, उद्या आहे. त्यांनी ते घाबरून लिहिलं नव्हतं. सहज लिहिलं होतं, जांभई देत देत.

तेव्हा ती रडली. बरोबर एक वर्षानं. कट्टा ओला होता, पदर ओला होता, तिला थांबवायला कुणी नव्हतं आणि थांबवावं असं तिलाही वाटलं नाही.

सतरा तारखेला सकाळी ती भिंतीपाशी गेलीच नाही. चपला घातल्या आणि पलीकडच्या गल्लीत गेली.

नलू अंगण झाडत होती. तिला बघून झाडू तसाच हातात राहिला.

"सुतळीचा गुंडा दे," इंदुमती म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

"कुठला गुंडा?"

"ह्यांचा. गेल्या वर्षी नेला होतास."

नलूनं झाडू भिंतीला टेकवला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आज मी येते का गं? आज काय लिहिलंय?"

"आजचं काही लिहिलेलं नाही."

"मग?"

माफी मागणं इंदुमतीला कधीच जमलं नव्हतं. पण आज ती मागायचीच, असं तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं.

"मी चुकले, नलू. फाटक उघडायला हवं होतं."

नलू घरात गेली. बराच वेळ आली नाही. डबे, खोकी उघडझाप केल्याचे आवाज येत होते. मग ती सुतळीचा गुंडा घेऊन बाहेर आली. तो तिनं इंदुमतीच्या हातात दिला नाही. पायात चपला सरकवल्या आणि पुढं चालायला लागली.

दोघींनी मिळून वेल चढवला. चार काठ्या रोवल्या, वर सुतळी ताणली. स्वतःच्याच देठाला धरून बसलेला तंतू सोडवताना इंदुमतीच्या हातून तुटला.

"हळू!" नलू ओरडली. "शाळेतली पोरं नाहीत ती, कान धरून उभी करायला."

इंदुमतीला हसू आलं. पाठोपाठ रडूही आलं. नलूनं तिच्याकडे बघितलं नाही, सुतळीला गाठ मारत राहिली.

भाद्रपदात ती पुन्हा मठात गेली. या खेपेला नलू बरोबर होती. अक्का ओसरीवर वाती वळत होत्या.

इंदुमतीनं पिशवीतून एक दोडका काढून त्यांच्यापुढं ठेवला. चांगला हातभर लांब, जाडजूड.

"वेलाला पहिला आलेला. तुमच्यासाठी राखला होता."

अक्कांनी "बरं" म्हटलं.

"घर आता ठीक आहे," इंदुमती म्हणाली. "नवं कॅलेंडर आणलं. सप्टेंबरात कॅलेंडर मागितलं म्हणून दुकानदार हसला. हसू दे म्हटलं. बाजाराला रविवारी जाते. बागेत मुळा टाकलाय, वांगी धरलीत. पण अक्का, एक गोष्ट जात नाही."

"काय?"

"परसातून हाक येते. 'इंदू, जरा बाहेर ये,' अशी. हातातलं टाकून मी 'आले' म्हणते. दारापर्यंत जातेसुद्धा. नलू म्हणते, उत्तर देऊ नकोस, हळूहळू बंद होईल."

"मग?"

"मला ती बंद व्हायला नको आहे." इंदुमतीचा आवाज शाळेतल्यासारखा ठाम झाला. "पण दर वेळी उठून दारापर्यंत जायचं, आणि तिथं कुणी नाही हे बघून परत यायचं, असंही जगायचं नाही मला. तर मग ह्या हाकेचं मी करायचं काय?"

अक्कांनी हातातली वात खाली ठेवली.

मग त्यांनी दोडका उचलला. अंगठ्याचं नख त्याच्या सालीत रुतवून बघितलं. रुतलं नाही. कानाशी धरून हलवला. आत बी खुळखुळलं.

तो त्यांनी दोन्ही हातांनी इंदुमतीच्या ओटीत परत ठेवला.

"खायचा दिस गेला ह्याचा," अक्का म्हणाल्या. "बियाला ठेव."