द्वारकेनं गिळलेलं एक मिनिट

डोंगराला चिकटून असलेल्या एका गावात द्वारका नावाची आशाताई होती, घरोघर जाऊन बाळंतिणी आणि तान्ही बाळं बघणारी. हुशार बाई. दहा वर्षं दारोदार फिरलेली, गावातलं प्रत्येक बाळ तिनं हातात घेतलेलं. कामचुकार तर मुळीच नव्हती. खोट होती ती वेगळीच.

त्या भागात एक रीत होती. तालुक्याला शिकवणी निघाली की सहा आशांतली एकच जायची. ती परत आली की सोमवारी उपकेंद्राच्या ओट्यावर सगळ्या जमायच्या, आणि तिनं शिकलेलं बाकीच्यांना सांगायचं. मग प्रत्येकीनं वहीत सही करायची, की मला सांगितलं. द्वारका भरभर वाचायची, म्हणून दरवेळी तीच जायची.

त्या खेपेला शिकवणाऱ्या बाईंनी मोबाइलवर एका नवजात बाळाची छाती दाखवली. म्हणाल्या, "मोजा श्वास." सगळ्याजणींनी नेहमीसारखं पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं. चव्वेचाळीस आले. "आता पूर्ण मिनिट मोजा," बाई म्हणाल्या. बासष्ट आले! तान्हं बाळ मध्येच थांबतं, मध्येच भरभर श्वास घेतं. थांबलेलं असताना मोजलं की आजारी बाळही चांगलं वाटतं. बाईंनी बजावलं, "साठ किंवा वर आले, तर परत एकदा मोजा. तेवढेच आले तर लगेच दवाखाना."

इतकी वर्षं आपणही पंधराच सेकंद मोजत आलो, हे द्वारकेला कळलं. पण एसटीत बसेपर्यंत दुसराच विचार डोक्यात शिरला. हे सगळ्यांना सांगितलं तर उद्या कुणालाही पाठवतील. मग मला कोण विचारतंय?

सोमवारी ओट्यावर वाडीचं काम बघणारी अनसू सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. नवी पोर, शिकायची हौस दांडगी.

"अक्का, काय शिकवलं हो?"

"काय शिकवणार? तेच ते. हात धुवा, अंगावरचं दूध पाजा. जेवण मात्र झकास होतं. शिरा होता, तुपातला."

बाया हसल्या. अनसू म्हणाली, "आणि शिऱ्याशिवाय?"

"शिऱ्याशिवाय घाई आहे मला. करा सह्या."

सगळ्यांनी सह्या केल्या. अनसूनंही केली. न ऐकलेल्यावर सही करायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच असते.

तीन आठवड्यांनी वाडीत सगुणाचं बाळ सात दिवसांचं झालं. अनसू ठरल्याप्रमाणे गेली. घड्याळ लावलं, पंधरा सेकंद मोजले. अकरा. चारने गुणून चव्वेचाळीस लिहिले. "बाळ दूध कमी ओढतंय," सगुणा म्हणाली. "श्वास चांगला आहे, ओढेल," अनसू म्हणाली. नवव्या दिवशी सकाळी बाळ गेलं.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी सगळ्या आशांना बोलावलं. अनसूचा कागद बघितला आणि द्वारकेकडे वळले. "द्वारकाताई, पूर्ण मिनिट मोजायचं, हे तुम्ही यांना सांगितलं होतं ना?"

दोनच शब्द होते. नाही सांगितलं. द्वारकेच्या जिभेवर आले होते. खोलीत बाकीच्या पाच बाया, सिस्टर, डॉक्टर. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. दहा वर्षांचं नाव एका क्षणात मातीत जाणार होतं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

अनसू उठून उभी राहिली. "अक्का, शिऱ्याचं सांगितलंत. हे कधी सांगितलंत?"

डॉक्टरांनी वही उघडली. अनसूच्या सहीवर बोट ठेवलं. बाकीच्या चौघी खाली बघत बसल्या, कारण त्यांच्याही सह्या होत्या. त्यांनाही मी दोषातून सोडत नाही.

अनसूचं काम गेलं. वाडीतल्या बाया तिला बघून पोरं पदराखाली घ्यायला लागल्या, तेव्हा तिनं गावच सोडलं. सोमवारी ओट्यावर आता कुणी काही सांगेना, कुणी काही विचारेना. येतात, सही करतात, जातात.

अनसू गेल्यावर वाडीचं कामही द्वारकेच्याच गळ्यात पडलं. एका सकाळी ती सगुणाच्याच दारात गेली. सगुणाची जाऊ बाळंत झाली होती. पाच दिवसांचं बाळ मांडीवर घेऊन ती उंबऱ्याशी बसली होती. सगुणा मागे उभी.

द्वारकेनं घड्याळ काढलं. "बाळाला हलवू नकोस गं. पूर्ण मिनिट मोजायचंय."

"अनसूनं एवढा वेळ नव्हतं मोजलं," सगुणा म्हणाली.

"पूर्ण मिनिटच मोजायचं असतं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

द्वारकेनं बाळाच्या छातीकडे बघितलं. वर जात होती, खाली येत होती. या वेळी तिला खोटं बोलवेना.

"तुझ्या बाळाच्या आधी," ती म्हणाली. "पंधरा दिवस आधी."

सगुणानं जावेला दंडाला धरून बाळासकट उठवलं, आत नेलं आणि कडी लावली.

द्वारका दाराबाहेर बसून राहिली. घड्याळ हातात चालू होतं. आतलं बाळ चांगलं होतं की आजारी, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर त्या वाडीत एकाही घरानं तिच्यापुढे बाळ धरलं नाही.

तात्पर्य एवढंच: जीव वाचवणारी गोष्ट शिकून आलात, तर त्याच आठवड्यात सोबतिणींना सांगून टाका; मोठेपणासाठी दाबून ठेवलेलं शिक्षण आधी दुसऱ्याचं लेकरू खातं, आणि मग खरं बोललात तरी दार उघडत नाही.