तिसावी गोळी

"कुणीतरी बेइमानी केली आहे, उस्ताद. आणि त्या बेइमानीनं एक माणूस मेला आहे."

फौजदार केदार लोहकरे दारात उभा राहूनच बोलला.

मुजावर उस्तादांनी मान वर केली नाही. फवारणीच्या पंपाचा वायसर बसवण्यात ते गुंतले होते. पस्तीस वर्षं त्यांनी पोलिसांच्या बंदुका दुरुस्त केल्या. आता गावातले पंप दुरुस्त करतात. प्रशिक्षण केंद्रात लोहकरेला रायफल उघडायला आणि पुन्हा जोडायला त्यांनीच शिकवलं होतं.

"आधी बस."

"बसायला वेळ नाही."

"मेलेल्या माणसासाठी आलायस ना? मग वेळ आहे."

लोहकरे बसला. पिशवीतून त्यानं एक काळी मॅगझिन काढली, रायफलला खालून लावायची गोळ्यांची पेटी. उस्तादांच्या पुढ्यात ठेवली.

"सरकारी नाही ही," उस्ताद म्हणाले.

"नाही. जुन्या मॅगझिन खराब झाल्या, नव्या वेळेवर आल्या नाहीत. म्हणून बाहेरच्या कंपनीच्या चाळीस घेतल्या. चाचणी माझ्याकडे होती."

"आणि?"

"सगळ्या पास. एक नमुना म्हणून शस्त्रागारात ठेवली, ती ही. बाकीच्या जंगलातल्या चौक्यांवर गेल्या."

लोहकरेनं मॅगझिन उस्तादांकडे आणखी सरकवली.

"बारा दिवसांपूर्वी कोसमघाटच्या चौकीवर हल्ला झाला. दिनेश उईके पहाऱ्यावर होता. चोवीस वर्षांचा. त्याच्या रायफलीतून एक गोळी सुटली. दुसरी वर आलीच नाही."

उस्तादांनी वायसर खाली ठेवला.

"चौकशीत काय निघालं?"

"पोरगं घाबरलं, असं निघालं. घाबरून त्याला रायफल नीट चालवता आली नाही. 'हाताळणीतील चूक.' उद्या तो अहवाल वर जाईल. एकदा गेला की त्याच्या नावावर ते कायमचं." लोहकरेचा आवाज चढला. "मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून सगळं त्याच्यावर ढकलायचं. ही कसली चौकशी?"

"तुला काय वाटतं?"

"मॅगझिन बदलल्या. चाचणीनंतर शस्त्रागारात कुणीतरी चांगल्या काढून घेतल्या आणि वाईट ठेवल्या. मी तक्रार लिहून आणली आहे. तुम्ही जाणकार म्हणून खाली सही करा."

"नंबर जुळतात?"

"…जुळतात."

"मग?"

"नंबर पुन्हा कोरता येतात, उस्ताद."

नंबर कोरलेल्या जागेवरून उस्तादांनी नख फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा.

"चाचणी कशी केलीस?"

"पुस्तकात आहे तशी. प्रत्येक मॅगझिन तीन वेळा, प्रत्येक वेळी तीस गोळ्या. तीन दिवस. तीन हजार सहाशे गोळ्या झाडल्या. एकदाही अडकली नाही."

"मोजल्यास?"

"रिकाम्या पुंगळ्या मी स्वतः मोजल्या. तीन हजार सहाशे. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"उईकेच्या मॅगझिनमध्ये किती राहिल्या होत्या?"

"पंचनाम्यात एकोणतीस आहेत."

उस्तादांचा हात थांबला.

"…एकोणतीस."

"हो."

"चाचणीला मॅगझिन कोण भरत होतं?"

"पेंदाम हवालदार. का?"

"आज गाडी कुणी चालवत आणली?"

"पेंदामनीच. बाहेर आहेत."

"बोलव."

तुळशीराम पेंदाम आत आले. डोक्यावरची टोपी काढून उस्तादांच्या पाया पडले. त्यांनाही उस्तादांनीच शिकवलं होतं, लोहकरेच्या कितीतरी आधी.

उस्तादांनी कपाटातून सरावाच्या खोट्या गोळ्यांचा डबा काढला.

"तुळशीराम, एवढी भरून दे."

पेंदाम खाली मांडी घालून बसले. मॅगझिन गुडघ्याला टेकवली. अंगठ्यानं दाबत एकेक गोळी आत जाऊ लागली. बघत राहावं असा हात. ना घाई, ना अडखळणं. भरताना ते लोहकरेच्या डोक्यावरून बाहेर गाडीकडे बघत होते.

मग त्यांनी मॅगझिन तळहातावर हलकेच आपटली आणि पुढे केली.

"भरली जी."

"रिकामी कर," उस्ताद लोहकरेला म्हणाले. "मोठ्यानं मोज."

लोहकरेला राग आला. तरी त्यानं मोजल्या. वरची गोळी अंगठ्यानं पुढे सरकवली की खालची वर येत होती. सतरा. अठरा. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

पुढे काही नव्हतं.

तो मॅगझिनच्या रिकाम्या तोंडाकडे बघत राहिला.

"पेंदाम, तीस भरायच्या असतात."

"भरली ना जी."

"अठ्ठावीस आहेत."

"तेवढ्यात भरते. पुढं स्प्रिंग बोलते. अंगठ्याला कळते."

"चाचणीलाही अशाच भरल्या?"

"अशाच भरतो मी. बावीस वर्षं झाली."

"पण पुंगळ्या तर पुऱ्या तीन हजार सहाशे निघाल्या…"

"उरलेल्या गोळ्या शेवटी आणखी आठ-नऊ मॅगझिनमध्ये भरून झाडल्या ना. हिशेब पुरा व्हायला पाहिजे म्हणून. तुम्ही तेव्हा खाली पुंगळ्या मोजायला बसले होते."

शेजारच्या अंगणात कुणीतरी धान्य पाखडत होतं.

उस्तादांनी मॅगझिन पुन्हा भरली. अठ्ठावीसपर्यंत. मग लोहकरेचा उजवा हात ओढला आणि त्याचा अंगठा एकोणतिसाव्या गोळीवर ठेवला.

"दाब."

गोळी कष्टानं आत गेली.

"आणखी एक."

तिसावी जाईना. लोहकरेनं दोन्ही अंगठे लावले. नखं पांढरी पडली. शेवटी ती गेली.

"आता वरची काढ."

त्यानं वरची गोळी पुढे सरकवली. ती निघाली.

खालची वर आली नाही.

आत, अर्धं बोट खाली, ती वाकडी होऊन अडकली होती. तिचं पितळ दिसत होतं. लोहकरेनं मॅगझिन हलवली. मग जमिनीवर आपटली. तेव्हा कुठे खट आवाज करून ती वर आली.

"येते," तो पुटपुटला. "आपटली की येते."

"गोळीबारात आपटायला वेळ कुठला?" उस्ताद म्हणाले.

लोहकरेनं मॅगझिन खाली ठेवली.

"तीन दिवस चाचणी चालली," उस्ताद म्हणाले. "तेव्हा हा अंगठा कुठे होता?"

"…पेन धरलं होतं."

मग तो एकदम पेंदामांकडे वळला.

"तुम्ही चाचणी खोटी केलीत, पेंदाम. तुमच्यामुळे नापास मॅगझिन पास झाल्या."

पेंदामांचा चेहरा उतरला.

"मी कशाला खोटी करू जी? मी तर जपत होतो. उस्तादांनीच शिकवलं असं."

लोहकरेनं उस्तादांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणावं अशी त्याची फार इच्छा होती.

"खरं आहे," उस्ताद म्हणाले. "नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्यासमोर एक अडकली. सरकारी होती, चांगल्यातली. मी पोरांना सांगितलं, दोन कमी भरा. त्यानंतर कधी अडकली नाही."

"वर कळवलं नाही?"

"अडकतच नव्हती. काय कळवू?"

"मग उईकेला कुणी का नाही सांगितलं? सगळ्यांना ठाऊक होतं, तर त्या एकट्यालाच का नाही?"

पेंदामांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"त्याच्या बॅचला मी नव्हतो जी. बायको दवाखान्यात होती, सुट्टीवर होतो. त्या पोरांना पत्रकावरून शिकवलं."

"कोणतं पत्रक?"

पेंदाम खाली बघू लागले.

"कोणतं पत्रक, पेंदाम?"

"तुमचं जी. नव्या मॅगझिनचं."

लोहकरेला ते आठवायची गरज नव्हती. त्यानंच एकाच बैठकीत लिहिलं होतं ते, सोप्या मराठीत, कुणाही शिपायाला कळेल असं. त्याचा त्याला अभिमान होता. चौथी ओळ: मॅगझिनमध्ये पूर्ण तीस गोळ्या भराव्यात. खाली त्याची सही.

त्यानं खिशातून तक्रारीचा कागद काढला. 'अज्ञात व्यक्तीने' या शब्दांवर रेघ मारली. मग त्याच्या पुढच्या ओळीवर. मग सगळ्यावर. कागद उलटा केला.

"उईके घाबरला नव्हता, हे पहिलं लिहितो," तो म्हणाला.

उस्तादांनी मान हलवली.

"मग नावं. कुणाचं आधी लिहू, उस्ताद? माझं?"

"वयानं लिही. आधी माझं."

"तुमचं पेन्शन अडकवतील."

"लिही."

लोहकरे लिहू लागला. पेनाची शाई मध्येच तुटत होती. तो तीच तीच अक्षरं गिरवत होता. उस्ताद त्याच्या खांद्यावरून वाचत होते. दोघंही त्या कागदावर असे वाकले होते, जणू तो पुरा झाला की कुणीतरी उठून बसणार होतं.

पेंदाम अजून उभेच होते. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि गाडीची किल्ली काढली.

"साहेब, लिहिणं मग करा जी. आधी चौक्यांना वायरलेस करा. पोरं तीस भरून बसली असतील."