चौदाव्या बॅचचं कारण

"मग चौदावीच का नासली?"

सारंगने हे तिसऱ्यांदा विचारलं. पास्कू अंकल वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी तिसऱ्यांदाही नुसती पुढची शेंग उचलली.

पास्कू तुस्कानो एकतीस वर्षं बिअरच्या कारखान्यात होते. आता वसईला आपल्या केळीच्या वाडीत राहतात. घरच्या घरी बिअर करणारी मुलं त्यांना गुरू मानतात, कारण त्यांच्या फ्रिजमध्ये काचेची एक बरणी आहे. त्या बरणीतलं यीस्ट त्यांनी इतकी वर्षं खाऊपिऊ घालून जिवंत ठेवलंय. ते दुकानात मिळत नाही. मागितलं की मिळतं, असंही नाही.

सारंग ते मागायला आला होता. सारंग माझा नवरा. लग्नाला चार महिने झाले होते आणि त्यातले बरेचसे रविवार मी बाटल्या धुण्यात घालवले होते, म्हणून मलाही आणलं होतं.

"नववी घ्या, चौदावी घ्या. आकडे तेच आहेत, अंकल. पाणी, माल्ट, हॉप्स, तापमान. ग्रॅमचा फरक नाही. नववीला सगळे वा म्हणाले. आणि ही…"

त्याने चौदाव्या बॅचची बाटली पुढे सरकवली. अंकलनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"लिहून ठेवतोस?"

"म्हणजे काय. पहिल्या दिवसापासून."

वही बॅगेत होती. ती नेहमीच असते. महाबळेश्वरलाही आली होती आमच्याबरोबर. तिथल्या पाण्याची नोंद करायची राहून जाऊ नये म्हणून.

सारंगने ती उघडून शेंगांच्या ताटाशेजारी ठेवली. प्रत्येक पान रेघा मारून आखलेलं, शीर्षकं लाल शाईत.

"शेवटच्या रकान्यात काय लिहितोस?"

"कारण," सारंग म्हणाला. "बॅच अशी का झाली, त्याचं कारण. बाकीचे नुसते आकडे लिहितात, अंकल. हा रकाना कुणाच्याच वहीत नसेल."

"खरंय," अंकल म्हणाले. "मी नाही पाहिला."

सारंग जरा ताठ बसला.

"चष्मा आत राहिला माझा. बाय, तू वाच. शेवटचाच रकाना वाच."

मी वही घेतली. वहीला हात लावायची माझी ती पहिलीच वेळ.

"बॅच दोन. आंबूस. कारण, पालिकेचं पाणी."

"हं."

"बॅच पाच. फेस नाही. कारण, दुकानदाराने जुना माल्ट दिला."

"हं."

"बॅच आठ. आंबूस. कारण, आईने झाकण उघडून पाहिलं."

"आई उघडतेच," अंकल म्हणाले. "पुढे."

"बॅच नऊ. उत्तम. कारण, अचूक मोजमाप आणि अनुभव."

अंकलनी एक शेंग सोलली. किडकी निघाली. ती त्यांनी बाजूला ठेवली.

"बॅच अकरा. चव नाही. कारण, लग्नाची गडबड."

मी पान उलटलं आणि थांबले.

"वाच ना."

"बॅच चौदा. आंबट. कारण…"

"काय कारण?"

"नीरजा."

पाण्याला, माल्टला, सासूबाईंनासुद्धा निदान एक शब्द जास्त मिळाला होता.

"ही कोण?" अंकलनी विचारलं. आल्याआल्या सारंगने माझी ओळख 'ही मिसेस' अशी करून दिली होती.

"मी," मी म्हटलं.

"तसं नाहीये, अंकल," सारंग हसला. "पर्सनल काही नाही त्यात. पद्धत असते. दोन बॅचेसमध्ये काय बदललं, तेवढंच लिहायचं. नववी आणि चौदावीमध्ये घरात बदल एवढाच झाला."

"बरोबर," अंकल म्हणाले. "पद्धत म्हटली की पद्धत."

त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धोतराच्या जुन्या तुकड्याला पुसले आणि बाटली उघडली. ग्लास भरला. नाकाशी नेला. एकच घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. बराच वेळ. मग गिळला.

"ताक," ते म्हणाले.

"काय?"

"दही लागलंय याला. उकळून गार झाल्यावर दह्यातला चमचा बुडालाय कुणाचा तरी." त्यांनी ग्लास टेबलाच्या मधोमध ठेवला. "घरात दही कोण लावतं?"

"ही," सारंग म्हणाला. लगेच म्हणाला.

"दही लावणारी कळली. चमचा कुणी बुडवला?"

सारंग बाटलीवरचं लेबल नखाने उकरू लागला.

चौदावी लावली त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचे ऑफिसातले मित्र आले होते. मी पोह्यांच्या बश्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सारंग घाईघाईने माझ्या अंगावरून आत आला, दह्याच्या पातेल्यातला डाव उचलला, टॉवेलला पुसला आणि बाहेर जाऊन बिअरच्या पिंपाचं झाकण उघडलं. "जिवंत आहे बघा, ऐका आवाज," असं म्हणत त्याने सगळ्यांना एकेक घोट काढून दिला. त्या दिवशी मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. डाव परत दह्यात आला, एवढंच खटकलं होतं.

"या घरात एक नियम आहे," अंकल म्हणाले. "नासलेली बिअर मोरीत ओतायची नाही. ज्याचा चमचा, त्याने ग्लास संपवायचा. मीपण संपवलेत. पुष्कळ. ग्लास संपला की यीस्ट देतो मी. बाकी काही विचारत नाही."

"फक्त एक ग्लास?" सारंगने विचारलं.

"एकच."

केळीच्या पानांची सळसळ तेवढी येत होती. सारंग वहीकडे बघत होता. ग्लासकडे नाही, माझ्याकडेही नाही.

अंकल माझ्याकडे वळले.

"तू होतीस ना घरात?"

"होते."

"मग…?"

मी सारंगकडे पाहिलं. लेबल निम्मं निघालं होतं.

"चमचा माझाच होता," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बरणी आत फ्रिजमध्ये होती आणि त्याला ती हवी होती. शिवाय परतीचा रस्ता दीड तासाचा होता आणि गाडीत आम्ही दोघंच असणार होतो.

सारंगचे खांदे खाली आले. बोटभरच आले असतील. तेवढ्यावरून मला कळलं, की त्याच्या लक्षात होतं.

"बघा," तो अंकलना म्हणाला. आवाजात राग अजिबात नव्हता. "मी लिहिलंच होतं."

अंकलनी ग्लास माझ्यापुढे सरकवला, पण हात काढून घेतला नाही. ते सारंगकडे बघत राहिले.

"ही पिते?"

"छे. कधीच नाही."

"मग…?"

इतक्या उशिरापर्यंत मी वाट पाहत होते, हे मला तेव्हा समजलं.

"एवढंसं तर आहे," सारंग म्हणाला. मग माझ्याकडे वळून, मायेनेच म्हणाला, "एका दमात घे गं. म्हणजे चव लागत नाही."

अंकलनी हात काढला.

तीन बॅचच्या बाटल्या मी धुतल्या होत्या. बुचं उकळली होती, वास सगळ्या घराला लागू नये म्हणून खिडक्या उघडल्या होत्या. चाखून बघ, असं कुणी म्हटलं नव्हतं. मीही मागितली नव्हती. पहिला घोट आंबट लागला, त्याच्यामागून कडू. एका दमात जमलं नाही. मी घोट घोट घेत राहिले आणि मला चव सगळी लागली.

मध्येच पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला. सारंगने चौदाव्या बॅचचं पान काढलं होतं. त्याने माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. थोडा विचार केला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'खात्री झाली.'

अंकलना ते दिसलं. चष्म्याशिवाय दिसलं.

मी ग्लास रिकामा करून ठेवला. अंकल उठले. आत फ्रिज उघडल्याचा, मग झाकण फिरवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक लहान बाटली होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. सारंगने ती दोन्ही हातांनी घेतली. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. तो वाकून पाया पडला. अंकलनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

"अंकल, आता बॅच जमेल ना? नववीसारखी?"

"नववीपेक्षा चांगली जमेल."

"मग कारणाच्या रकान्यात पहिलं नाव तुमचं लिहीन."

"लिही."

सारंगने फडकं थोडं सोडवून बाटली उजेडात धरली. आत पांढुरकं काहीतरी तळाशी बसलं होतं.

"इतकी वर्षं…" तो म्हणाला. "भीती वाटते हो. माझ्या हातून मेलं तर?"

अंकलनी माझ्यापुढचा ग्लास उचलला. कडेला फेस वाळला होता. तो त्यांनी अंगठ्याने पुसून काढला, सावकाश, सगळीकडून.

"मेलं तर ये परत," ते म्हणाले. "यीस्ट दुसरं देता येतं."